पंगतीतली समता आणि पंगतीबाहेरचा माणूस

आळंदीहून निघालेली ज्ञानेश्वरांची पालखी संध्याकाळी मुक्कामाच्या तळावर पोहोचली की तेथे समाज आरती होते. दिंड्या पालखीभोवती उभ्या राहतात, टाळमृदंगांचा गजर टिपेला पोहोचलेला असतो, आणि चोपदार आपला दंड उंचावतो. त्यासरशी हजारो टाळ एकदम थांबतात. मात्र ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती दिंडी टाळ वाजवीतच राहते. चोपदार तिच्यापाशी जातो, गाऱ्हाणे ऐकून घेतले जाते, आणि त्याची वासलात लागल्यावरच पुढचा क्रम सुरू होतो. याच वेळी हरवलेल्या आणि सापडलेल्या वस्तूंची यादी पुकारली जाते व उद्याच्या प्रस्थानाची वेळ सांगितली जाते. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात शिंद्यांच्या पदरी असलेल्या हैबतबाबा आरफळकरांनी या सोहळ्याला जे वळण लावले, त्याचा हा भाग आहे.

कामगार संघटनेत हयात घालविलेल्या माणसाने हे दृश्य पाहिले, तर त्याला आपल्या कामाची आठवण झाल्यावाचून राहणार नाही. तक्रार मांडण्याचा हक्क, ती सर्वांसमक्ष मांडण्याची सोय, आणि ती मिटेपर्यंत सर्वांनी थांबायचे हा संकेत! पुष्कळशा कारखान्यांतून जे लढूनही मिळाले नाही, ते वारीच्या तळावर दर संध्याकाळी बिनबोभाट घडत असते. तरीही डाव्या चळवळीने या गोष्टीकडे अभ्यासाच्या दृष्टीने क्वचितच पाहिले आहे. अभ्यासवर्गांतून धर्म म्हटला की अफूचा दाखला द्यायचा आणि निवडणूक जवळ आली की त्याच दिंडीच्या स्वागताला हार घेऊन उभे राहायचे, या दोन टोकांमध्ये आपला व्यवहार हेलकावे खात आला. मार्क्सने 1843-44 मध्ये हेगेलच्या कायदाविषयक तत्त्वज्ञानावर लिहिताना अफूचा उल्लेख केला हे खरे. परंतु त्याच्या लगत आधी त्याने धर्माला पिचलेल्या जीवाचा उसासा आणि निष्ठुर जगाचे हृदय मानले आहे, हे सोयीस्करपणे विसरले जाते. अफू त्या काळी वेदनाशामक म्हणून घरोघरी वापरली जात असे, हेही ध्यानात ठेवलेले बरे. वेदना आहे म्हणून औषध घेतले जाते. वेदनेचे कारण तसेच ठेवून औषध घेणाऱ्याची टिंगल करणे ही भौतिकवादाची खूण नव्हे.

येथे धर्म म्हणजे धर्मग्रंथ, पीठे आणि त्यांचे अधिपती अभिप्रेत नाहीत. सकाळचा हरिपाठ, शुक्रवारची नमाज, रविवारची मिस्सा, विहारातील वंदना, गुरुद्वारातील सेवा, दर्ग्यावरची गुरुवारची हजेरी अशी सामान्य माणसांची जी नित्याची श्रद्धा आहे, तिचा समाजाच्या स्वास्थ्याशी संबंध काय, एवढाच हा प्रश्न आहे. तो समाजशास्त्राला नवा नाही. एमिल दुर्खाइमने 1897 साली आत्महत्येवरील आपल्या ग्रंथात दाखवून दिले की कॅथलिक वस्तीत आत्महत्यांचे प्रमाण प्रॉटेस्टंट वस्तीपेक्षा कमी आढळते. दोन्ही पंथ आत्महत्या पापच मानीत असल्याने या फरकाचे मूळ शिकवणुकीत नव्हते. कॅथलिक माणूस आपल्या समूहाशी अधिक घट्ट बांधलेला होता, ही त्याची मीमांसा. शंभराहून अधिक वर्षांनी, 2010 मध्ये, चेयून लिम आणि रॉबर्ट पुटनॅम यांनी अमेरिकेतील पाहणीवरून जवळपास त्याच दिशेचा निष्कर्ष काढला. नियमाने प्रार्थनास्थळी जाणारी माणसे अधिक समाधानी असतात, पण ती तेथे त्यांना जिवाभावाची माणसे मिळतात म्हणून. प्रार्थनास्थळी जाऊनही कोणाशी मैत्र न जुळलेल्या भाविकाच्या वाट्याला ते समाधान येत नाही.

याहून महत्त्वाचा निष्कर्ष एड डीनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2011 मध्ये अनेक देशांच्या तुलनेवरून मांडला. जेथे भूक, असुरक्षितता आणि अल्पायुष्य आहे, तेथे श्रद्धाळू माणूस अश्रद्ध माणसापेक्षा अधिक समाधानी आढळतो. जेथे जीवनाच्या मूलभूत गरजा भागलेल्या आहेत, तेथे हा फरक जवळजवळ नाहीसा होतो. अर्थशास्त्राच्या भाषेत सांगायचे, तर सार्वजनिक विम्याचा अभाव असलेल्या ठिकाणी श्रद्धेचा समूह हाच विमा ठरतो. मराठवाड्यातला कोरडवाहू शेतकरी पेरणी उरकून पंढरीची वाट धरतो, तेव्हा त्याच्यापाशी ना पावसाची हमी असते, ना भावाची. महिन्याभराच्या चालण्यात त्याला जे मिळते त्याला अंधश्रद्धा म्हणून मोकळे होण्यापूर्वी, त्याऐवजी त्याला काय देऊ केले आहे याचा हिशेब चळवळीने मांडला पाहिजे.

हिशेबाचाच विषय निघाला आहे, तर तो थोडा सविस्तर करावा. इस्लाममध्ये विशिष्ट मर्यादेपेक्षा अधिक संपत्ती चांद्रवर्षभर बाळगणाऱ्याने तिचा चाळिसावा हिस्सा, म्हणजे शेकडा अडीच, जकात म्हणून द्यावयाचा असतो. ती द्यायची कोणाला याचे आठ वर्ग ठरलेले आहेत आणि कर्जबाजारी माणूस हा त्यांपैकी एक आहे. उत्पन्नावर नव्हे तर संपत्तीवर आकारणी, हे तत्त्व भारतीय प्रजासत्ताकाने 1957 मध्ये संपत्तिकराच्या रूपाने स्वीकारले आणि 2015 मध्ये सोडूनही दिले. गरीब मोहल्ल्यातला मध्यमवर्गीय दुकानदार जे रमझानमध्ये निमूटपणे करतो, ते करण्यास देशातल्या सर्वांत धनाढ्य घराण्यांना आज कोणताही कायदा भाग पाडीत नाही.

परंतु व्यक्तीची श्रद्धा आणि श्रद्धेच्या नावाने साठलेली मालमत्ता यांत फरक करावा लागतो, आणि येथे चित्र पालटते. सच्चर समितीने 2006 च्या अहवालात नोंदविले की देशात सुमारे 4.9 लाख नोंदणीकृत वक्फ मालमत्ता आहेत, त्यांची बाजारभावाने किंमत सुमारे 1.2 लाख कोटी रुपये होईल आणि वार्षिक उत्पन्न मात्र अवघे 163 कोटी आहे. म्हणजे शंभर रुपयांवर चौदा पैसेही नव्हेत. शेकडा दहा दराने उत्पन्न मिळाले असते तर दरसाल 12,000 कोटी रुपये मुस्लिम समाजाच्या शिक्षणाला, आरोग्याला, विधवांना आणि अनाथांना उपलब्ध झाले असते. हे उत्पन्न कोठे जिरते? मुतवल्लींच्या बेपर्वाईत, नाममात्र भाड्याच्या करारांत, आणि अतिक्रमणांत. अतिक्रमण करणाऱ्यांत खुद्द शासकीय खातीही असल्याचे त्याच अहवालात नमूद आहे. 2025 मध्ये वक्फ कायद्यात दुरुस्ती झाली तेव्हा सारा वाद मंडळावर कोण बसणार आणि मालमत्ता कोणाची ठरणार याभोवती फिरला. ज्या गरिबाच्या नावाने ती जमीन शतकांपूर्वी दान झाली, त्याच्या पदरात काय पडणार हा प्रश्न दोन्ही बाजूंनी दुय्यम मानला.

हे दुखणे एका धर्माचे नाही. पंढरपुरात बडवे आणि उत्पात यांचे वंशपरंपरागत हक्क 1973 च्या कायद्याने रद्द झाले, पण न्यायालयीन लढाईचा शेवट होण्यास 2014 चा जानेवारी उजाडावा लागला. तोवर चार दशके उलटली होती. वारकऱ्याने पायांचे तुकडे पाडून चालत यावे आणि देवापुढे टाकलेल्या पैशांवर काही मोजक्या घराण्यांनी वारसा सांगावा, या व्यवस्थेला भक्ती हे नाव देण्यात अर्थ नाही. सरंजामशाहीत जमिनीचे जे झाले होते तेच येथे श्रद्धेचे झाले होते.

याच पंढरपुरात एक माणूस देवळात न जाता रस्ते झाडीत असे. गाडगे महाराजांनी हातातल्या खराट्याने आणि कीर्तनातल्या प्रश्नोत्तरांनी जे केले, ते नित्याच्या श्रद्धेचे सामाजिक बळ कशात आहे याचे सर्वांत चांगले प्रात्यक्षिक होय. लोकांनी दिलेल्या पैशांतून त्यांनी देऊळ बांधले नाही. धर्मशाळा बांधल्या, कारण यात्रेला आलेल्या माणसाला निवारा हवा असतो. अस्पृश्य मानलेल्या यात्रेकरूंना कोणी उभे करीत नसे, म्हणून चोखामेळा धर्मशाळा उभी राहिली. पुढे 1949 साली ती वास्तू त्यांनी विद्यार्थ्यांसाठी डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली. मुंबईत दादरला त्यांच्या नावाच्या धर्मशाळेत आजही परगावाहून कर्करोगाच्या उपचारासाठी आलेली कुटुंबे राहतात. परळच्या रुग्णालयाबाहेर पदपथावर पथारी पसरलेली कुटुंबे ज्याने पाहिली असतील, त्याला या निवाऱ्याचे मोल वेगळे सांगावयास नको. (ती कुटुंबे अजूनही पदपथावर आहेत, कारण धर्मशाळा एकट्याने हे काम पुरे करू शकत नाही.)

2020 सालच्या टाळेबंदीत या मर्यादेचे स्वरूप फार क्रूरपणे उघडे झाले. नागपूर-हैदराबाद महामार्गावर यवतमाळ जिल्ह्यातील करंजीजवळच्या गुरुद्वाराच्या लंगरात त्या उन्हाळ्यात गावाकडे पायी निघालेले असंख्य मजूर जेवले. कोण कोठला, कोणत्या धर्माचा, हे कोणी विचारले नाही. शीख परंपरेत पंगतीला बसणे हा आदराचा भाग आहे. राजा आणि रंक यांना एकाच जमिनीवर, एकाच रांगेत बसविण्याची ती शिकवण आहे. त्याच मे महिन्यात, 8 तारखेच्या पहाटे, तेव्हाच्या औरंगाबाद जिल्ह्यात करमाडजवळ रेल्वेरुळांवर थकून झोपलेल्या 16 मजुरांना मालगाडीने चिरडले. त्यांच्या शिदोरीतल्या पोळ्या रुळांवर विखुरल्या होत्या. त्यांच्यापाशी भाकरी होती, म्हणजे भुकेचा प्रश्न त्या रात्रीपुरता सुटलेला होता. नव्हते ते गाडीचे तिकीट, मालकाने थकविलेले वेतन मिळविण्याचे साधन, आणि मजूर म्हणून कोठे नोंद असण्याचा हक्क. लंगरात सेवा करणाऱ्यांनी आपले काम चोख केले. ज्यांचे काम होते त्यांनी ते केले नाही.

नित्याच्या श्रद्धेतून येणारी मदत ही देणाऱ्याच्या मनावर अवलंबून असते आणि घेणारा तिच्यासाठी न्यायालयात जाऊ शकत नाही, ही तिची पहिली मर्यादा. दुसरी मर्यादा अधिक नाजूक आहे. कोणत्याही पंगतीला एक कड असते आणि त्या कडेपलीकडे कोणी तरी उभा असतो. इरावती कर्वे यांनी ‘वाटचाल’ या लेखात वारीचे वर्णन अत्यंत आत्मीयतेने केले आहे, आणि त्याच लेखात एकत्र चालणारी, एकत्र अभंग गाणारी माणसे जेवायच्या वेळी जातीप्रमाणे वेगळी बसतात हे शल्यही बोलून दाखविले आहे. विठ्ठलाचे दार सर्वांना उघडावे म्हणून साने गुरुजींना मे 1947 मध्ये प्राणांतिक उपोषणास बसावे लागले, म्हणजे स्वातंत्र्य तीन महिन्यांवर आले असतानासुद्धा चंद्रभागेच्या वाळवंटातली समता देवळाच्या पायरीशी थांबत होती. समाजवाद्यांनी त्या उपोषणाचा अभिमान जरूर बाळगावा. पण दार उघडल्यानंतर काय, हे पाहण्यास त्यांच्यापैकी किती जण थांबले?

यात्रा पांगल्यावर पंढरपूर कोण स्वच्छ करते? शतकानुशतके हे काम एका विशिष्ट जातीच्या माणसांच्या माथी मारलेले आहे. हाताने मैला साफ करण्याच्या प्रथेविरुद्ध 2013 मध्ये नवा कायदा झाला, त्यानंतरही पंढरपुरातील या प्रथेसंबंधी मुंबई उच्च न्यायालयात दाद मागावी लागली. न्यायालयाच्या दट्ट्यामुळे वाळवंटातील राहुट्यांवर बंधने आली, नदीपलीकडच्या 65 एकरांच्या मैदानावर तळाची सोय झाली, 2015 पासून पालखीमार्गावर शौचालये उभी राहू लागली. ज्या भक्तीच्या तळावर दिंडीचे गाऱ्हाणे ऐकण्यासाठी हजारो माणसे थांबतात, त्या भक्तीला आपल्यामागे घाण उपसणाऱ्या माणसाचे गाऱ्हाणे दोन शतके ऐकू आले नाही. ते संविधानाच्या मार्फत, न्यायासनापुढे मांडावे लागले.

स्त्रियांच्या बाबतीत तेच. घरोघरचे उपासतापास, नैवेद्य, रोजे, सणासुदीचा स्वयंपाक यांचा भार ज्यांच्यावर असतो त्यांनाच गाभाऱ्यातून दूर ठेवले जाते. शनिशिंगणापूरच्या चौथऱ्याचा आणि हाजी अलीच्या मजारीचा प्रश्न 2016 या एकाच वर्षी उच्च न्यायालयाने निकालात काढावा, हा योगायोग बोलका आहे. त्यापेक्षाही मोलाचे काम कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड या गावाने मे 2022 मध्ये केले. पतीच्या निधनानंतर बायकोचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे या प्रथा बंद करण्याचा ठराव तेथील ग्रामसभेने केला आणि राज्य शासनाला त्यामागून परिपत्रक काढावे लागले. नित्याच्या श्रद्धेतले अन्याय श्रद्धाळू माणसे स्वतः दूर करू शकतात. मात्र त्यासाठी ग्रामसभेसारखी सर्वांची, मतदानाची जागा लागते. देवळाच्या किंवा मशिदीच्या विश्वस्त मंडळात हा ठराव झाला असता का, याची कल्पना ज्याने त्याने करावी.

आंबेडकरांचा विचार येथे अटळपणे आठवतो. एकटाच माणूस असेल तर त्याला धम्माची गरज नाही, पण दोन माणसांचा संबंध आला की धम्मावाचून सुटका नाही, अशा आशयाची मांडणी त्यांनी ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ या ग्रंथात केली. म्हणजे अध्यात्माची कसोटी त्यांनी व्यक्तीच्या अंतःकरणातून काढून माणसामाणसांतल्या व्यवहारात आणून ठेवली. 14 ऑक्टोबर 1956 ला नागपुरात लाखो माणसांनी जो मार्ग पत्करला, त्यातून वस्तीवस्तीत विहार उभे राहिले, आणि विहाराबरोबर वाचनालय व अभ्यासिका हवीच हा आग्रह रुजला. या माणसांना केंद्राच्या अनुसूचित जातींच्या सवलती मिळण्यास 1990 साल उजाडले. दलित ख्रिस्ती आणि दलित मुस्लिम तर आजही त्या यादीबाहेर आहेत. श्रद्धा बदलली की दारिद्र्याची दखलच घेतली जात नाही, हा न्याय निधर्मी राज्यात कसा बसतो?

आता सलोख्याकडे वळावे, कारण सामाजिक स्वास्थ्याचा विचार सलोख्याशिवाय होऊ शकत नाही. मिरजेच्या मीरासाहेब दर्ग्याच्या उरुसात पहिल्या गलेफाचा मान चर्मकार समाजाचा आहे. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मृतीने तेथे गाण्याची मैफल होते आणि श्रोत्यांत सर्व धर्मांची माणसे असतात. सर्वधर्मसमभावावर व्याख्यान देणाऱ्याला याहून चांगला दाखला मिळणार नाही. तरीही सप्टेंबर 2009 मध्ये, गणेशोत्सवातील एका कमानीवरच्या चित्राचे निमित्त होऊन, याच मिरजेत दंगल पेटली. दर्ग्याची सामाईक श्रद्धा तिला अडवू शकली नाही.

याउलट भिवंडी पाहावी. 1970 आणि 1984 या दोन भीषण दंगलींनी होरपळलेले हे यंत्रमागांचे गाव. तेथे 1988 पासून पोलीस अधिकारी सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या बांधल्या. दोन्ही धर्मांची माणसे नियमाने एकत्र बसत, आणि बोलणे नळाच्या पाण्याचे, गटाराचे, भांडणतंट्याचे होई. डिसेंबर 1992 आणि जानेवारी 1993 मध्ये मुंबई जळत असताना शेजारची भिवंडी शांत राहिली. आशुतोष वार्ष्णेय यांनी सहा शहरांच्या अभ्यासावरून 2002 मध्ये हेच सूत्र मांडले. शेजाऱ्यांचा नित्याचा जिव्हाळा छोट्या गावात पुरतो. शहरात मात्र दोन्ही समाजांची माणसे ज्यांत सभासद आहेत अशा संघटना, म्हणजे कामगार संघ, व्यापारी मंडळे, वाचनालये, राजकीय पक्ष, याच दंगलीला बांध घालतात. श्रद्धेने माणूस मवाळ होतो असे गृहीत धरले तरी दंगलीच्या रात्री मवाळपणाला निरोप पोहोचविणारी यंत्रणा लागते, आणि ती अगोदर उभी असावी लागते.

वसईच्या ख्रिस्ती समाजाने हे आपल्या परीने ओळखले होते. तेथील कॅथलिकांनी 1918 मध्ये सहकारी पतसंस्था काढली. तिची पुढे मोठी बँक झाली. 1989 मध्ये बिल्डर आणि गुंड यांच्या विळख्यातून हिरवा पट्टा वाचविण्यासाठी हरित वसईची चळवळ उभी राहिली, तेव्हा फादर फ्रान्सिस दिब्रिटो हे धर्मगुरू तिचे नेते होते, पण तो लढा वसईच्या मातीचा व पाण्याचा म्हणूनच लढला गेला. चर्चच्या घंटेने माणसे जमली असतील. मागणी मात्र सर्व धर्मांच्या शेतकऱ्यांची होती. गिरणगावातही असेच घडले होते. चाळींतल्या भजनी मंडळांत बसणारेच गडी लाल बावट्याखाली मोर्चाला जात, आणि ज्या बाया पहाटे उठून खानावळीतल्या गिरणी कामगारांना जेवू घालीत त्यांना सावकाराच्या पाशातून सोडविण्यासाठी 1975 मध्ये प्रेमाताई पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले. 1982 चा संप मोडला, गिरण्या गेल्या, संघटनेच्या कचेऱ्या ओस पडल्या. भजनी मंडळे टिकली, पण त्यांच्या शेजारी आता दुसरेच झेंडे उभे आहेत. रिकामी झालेली जागा आपण सोडली होती, ती कोणी बळकावली असे म्हणून चालणार नाही.

यातून करण्यासारखे एक काम अगदी हाताशी आहे. महाराष्ट्रात सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली नोंदलेल्या, आणि म्हणून करसवलती व अन्य लाभ घेणाऱ्या, धर्मादाय रुग्णालयांवर एक बंधन आहे. शेकडा 10 खाटा निर्धन रुग्णांसाठी विनामूल्य आणि आणखी 10 दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखून ठेवायच्या, आणि एकूण देयकांच्या शेकडा 2 रक्कम निर्धन रुग्णनिधीत जमा करायची. यांतली पुष्कळ रुग्णालये कोणा ना कोणा धर्माच्या श्रद्धेतून, भाविकांच्या देणग्यांतून उभी राहिलेली आहेत. 2006 पासून ही योजना उच्च न्यायालयाच्या संमतीने लागू आहे. म्हणजे भाविकाचे दान येथे कायद्याने गरिबाचा हक्क झालेले आहे. व्यवहारात मात्र नातेवाइकाला खिडकीवर आधी अनामत रक्कम विचारली जाते, आणि राखीव खाटा रिकाम्या आहेत की नाहीत हे त्याला कोणी सांगत नाही. आपापल्या शहरातील अशा रुग्णालयांत रोज सकाळी जाऊन खाटांची नोंद पाहणे, ती बाहेर फलकावर लिहावयास लावणे, आणि या कामासाठी दिंडीचे विणेकरी, मशिदीच्या कमिटीतले लोक, विहारातील तरुण आणि चर्चची महिला मंडळे यांना एकत्र बसविणे, हे कोणत्याही शहर समितीला या महिन्यापासून सुरू करता येईल.